चार बोटं साल

मेलेलं झाड एकदम पाडायचं नाही, आधी ठोकून बघायचं, ही आत्याची पद्धत होती. कुऱ्हाडीच्या पाठीनं तीन ठोके द्यायचे, तेही दणादण नाही. शेजाऱ्याचं दार वाजवावं तसे, बेतानं. मग खोडाला तळहात लावून थांबायचं. आतून कोणी बाहेर आलं, घुबड म्हणा, खार म्हणा, सुतारपक्षी म्हणा, तर ते झाड उभंच ठेवायचं. कोणी आलं नाही, तर खुशाल पाडायचं. "भाडेकरू आत असताना घर पाडतो तो माणूस कसला?" असं आत्या म्हणायची आणि स्वतःच हसायची.

रान तिच्या मालकीचं. तिच्या वडिलांनी जाताना घर मुलाला दिलं आणि रान मुलीला. मुलानं घर विकून टाकलं, मुलीनं रान राखलं. तिनं लग्न केलं नाही. रानाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि जन्मभर त्या झाडांच्या मागे राहिली. आता तिची नजर गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. म्हणून भाचा बायकोला घेऊन तिच्याकडे राहायला आला होता. लहानपणी गालात दाणे कोंबून पळायचा म्हणून आत्या त्याला खारू म्हणायची. चाळिशी आली, डोक्यावरचे केस गेले, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

त्या सकाळी आत्या, खारू आणि लाकडाच्या वखारीचे मालक असे तिघे रानात निघाले. काम नेहमीचंच होतं. कोणती मेलेली झाडं पाडायची आणि कोणती ठेवायची, ते ठरवायचं आणि पाडायची ती वखारवाल्यांना द्यायची. आत्यानं एका हातानं खारूचा कोपर धरला होता, दुसऱ्या हातात काठी होती. नवी पालवी फुटत होती आणि मातीला ओला वास होता. सगळं कसं छान होतं. खारू तेवढा पावलं मोजून टाकत होता, आणि का ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. मागे एकदा वखारवाल्यांच्या ओट्यावर बसून खारूनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमच्या रानात मेलेली झाडं वाट्टेल तेवढी आहेत, तुम्ही फक्त गाडी पाठवा," असं तो चारचौघांत बोलून गेला. वखारवाले आले, झाडं बघितली आणि पोट धरधरून हसले. "अहो, ही तर नुसती पोकळ नळकांडी! चुलीतसुद्धा जळायची नाहीत. मला सरळ, भरीव खोड लागतं." खारूचा मेव्हणा, बायकोचा भाऊ, तोही तिथंच उभा होता. तोही हसला. आत्याच्या जिवावर बसून खाणारा, असं सासरी आपल्याला म्हणतात हे खारूला माहीत होतं. त्या दिवशी ते हसणं त्याला फारच लागलं.

सरळ आणि भरीव झाडं रानात होती, पण ती जिवंत होती. आणि जिवंत झाडाला हात लावायचा नाही, ही आत्याची एकच अट होती. मग खारूनं ती मारली. खोडाभोवती सगळीकडून चार बोटं रुंद साल सोलून काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली जातं, ते मुळांना पोचत नाही. वरून मात्र बरेच दिवस काही कळत नाही. पानं हिरवीगार राहतात आणि खाली मुळं उपाशी मरत असतात. गेल्या पालवीच्या दिवसांत त्यानं ओढ्याकाठची तीन झाडं अशी मारली. पट्टा काढला तो गुडघ्याच्या उंचीवर, कारण आत्याला वाकता येत नव्हतं. वर चिखल थापला, चिखलावर शेवाळ लावलं. या वर्षी ती तिन्ही झाडं वाळून खडखडीत झाली. तेव्हा भीड चेपली आणि महिन्यापूर्वी त्यानं चौथ्याला हात घातला. ते चौथं अजून हिरवं होतं.

आणखी एक गोष्ट घडत होती. ती खारूला कळायला हवी होती, पण त्यानं ती स्वतःला कळू दिली नाही. अधूनमधून तो ओढ्याकाठी जाऊन त्या झाडांवर कुऱ्हाडीची पाठ आपटून बघायचा, कितपत वाळलीत म्हणून. घरी आला की बायको सांगायची, "आज आत्यांना परत भास झाला. दार वाजतंय, दार वाजतंय, म्हणत होत्या. मी उघडून बघितलं, कोणी नाही. पण त्या आतून आपल्या म्हणतायत, 'आहे, आहे.'"

"वय झालंय तिचं," खारू म्हणायचा आणि हात धुवायला जायचा.

तर, त्या सकाळी पहिलं झाड आलं ते 'म्हातारा'. जुनं, आपल्या मरणानं मेलेलं. खारूनं ठोकलं. वरच्या भोकातून घुबडाचं तोंड बाहेर आलं, त्यानं तिघांकडे रागानं बघितलं आणि परत आत गेलं.

"आहेत का मंडळी?" आत्यानं विचारलं.

"आहेत. झोपमोड झाली म्हणून रागावलीत."

"राहू दे मग."

पुढचं 'वाकडा'. त्यातून कोणीच आलं नाही. आत्यानं त्याच्यावर तळहात ठेवला, "बरं, जा तू," म्हणाली आणि वखारवाल्यांनी खडूनं फुली मारली. असं करत करत तिघे ओढ्याजवळ आले. तिथं गारवा होता. पाखरांचा आवाज मागं राहिला होता, फक्त पाणी तेवढं वाजत होतं. वखारवाल्यांनी ती तीन सरळसोट खोडं बघितली आणि त्यांचे डोळे चमकले.

"हे कधी मेलं?" आत्यानं विचारलं. तिचा हात खोडावरून हळूहळू फिरत होता. छातीएवढा वर गेला, कमरेएवढा खाली आला आणि तिथं थांबला.

"गेल्या वर्षी... कीड लागली बहुतेक."

"तिघांनाही?"

"तिघांनाही."

खारूचे कान तापले. आंधळ्या माणसापुढे खोटं बोलताना तोंड लपवायची गरज नसते, तरी त्यानं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते रान त्याला लख्ख उजेडात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

"ठोक," आत्या म्हणाली.

त्यानं तीन ठोके दिले. कोणी बाहेर आलं नाही. येणार कुठून? खोड अखंड होतं, भोक नव्हतं की चीर नव्हती. वखारवाल्यांनी खडू वर केला.

आणि आतून उत्तर आलं. टक... टक... टक. तसंच, बेतानं, शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं.

वखारवाल्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी झाडाला एक फेरी मारली, वर बघितलं, परत फेरी मारली. "बाई... याला तर भोकच नाही. आत गेलं कोण?"

"कोणीतरी आहे ना? मग राहू दे," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता.

दुसऱ्या झाडातून तसंच आलं. तिसऱ्यातून येईपर्यंत वखारवाले थांबलेच नाहीत. गाडी दुसरीकडे पाठवायची आहे, माणसं खोळंबलीत, नंतर बघू, असं काहीतरी पुटपुटत ते वाटेला लागले. खडू ओढ्याकाठीच पडला.

"खारू," आत्या म्हणाली, "ते पलीकडचंही ठोक."

"ते? ते हिरवं आहे आत्या... पालवी फुटलीय त्याला."

"ठोक तरी."

कुऱ्हाड त्याच्या हातात जड झाली होती. त्यानं अगदी हळू, नखानं वाजवावं तसे तीन ठोके दिले. झाडातून आवाज आला नाही. खारूनं सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात त्याच्या कोपराशी, झोपेतून बोलावं तशा आवाजात आत्या म्हणाली,

"आहे... आहे."

त्यानं वळून बघितलं. तिची बुबुळं झाडाकडे नव्हती, कुठंच नव्हती.

"काय म्हणालीस?"

"मी? मी कुठं काय म्हणाले?" आणि तिचे पाय एकदम गळाले. खारूनं पकडलं म्हणून, नाहीतर मुळांवर आदळली असती. त्यानं तिला पाठुंगळी घेतलं. चालताना तिची पावलं त्याच्या हातांना लागत होती. ओढ्यातले दगड तेवढे गार असतील.

डॉक्टर दुपारी येऊन गेले. त्यांनी आत्याला तपासलं, पायांना टाचणी टोचून बघितली, आणि बाहेर ओट्यावर येऊन चष्मा पुसत उभे राहिले. "मला नीट समजत नाहीये," ते म्हणाले. "जेवण चांगलं आहे, चेहरा बघा किती टवटवीत आहे. पण कमरेच्या खाली काही पोचतच नाहीये. वरून हिरवं आणि खालून वाळत चाललेलं, असं काहीतरी."

बायकोनं पदराचं टोक तोंडावर धरलं. खारू मात्र जमिनीत गाडल्यासारखा उभा राहिला. डॉक्टर बोलले ते सहज बोलले होते, पण त्याला वाटलं की त्यांनी आपला कान धरून ते सांगितलं.

तो आत गेला. आत्या खाटेवर पडून होती, तोंड खिडकीच्या उजेडाकडे. तो खाटेशी खाली बसला. मरण सोपं वाटावं अशी लाज असते, ती त्याला त्या दिवशी कळली.

"आत्या... त्या झाडांना कीड नव्हती लागली."

"हं."

"साल मी काढली. तिघांची. आणि चौथ्याचीही."

खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल खडखडत गेली. आत्यानं ओरडावं, काठी उगारावी, घरातून चालता हो म्हणावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"चौथ्याची पूर्ण गोल काढलीस?"

"हो."

"किती रुंद?"

"चार बोटं."

"चार बोटं," आत्या म्हणाली. "कलमाची काडी चार बोटं आत घ्यायची, हे मीच तुझी बोटं धरून शिकवलं होतं. दुसरं काही लक्षात राहिलं नाही, हे बरं राहिलं." ती एवढंच बोलली. खारू लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला रडू दिलं आणि मग विचारलं, "ऊन आहे का अजून?"

"कलतंय."

"मग ऊठ. तीन गेली ती गेली. चौथं वाचवता येतं."

त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या कापायच्या. दोन्ही टोकं तासायची. एक टोक पट्ट्याच्या खालच्या सालीत खोचायचं, दुसरं वरच्या सालीत, आणि मेण लावून कापडानं आवळून बांधायचं. तुटलेल्या रस्त्यावर पूल बांधावेत तसे हे पूल. काड्या धरल्या, तर त्यांतून अन्न खाली उतरतं आणि झाड जगतं. फक्त काडी उलटी लागता कामा नये. काडीवरच्या डोळ्यांची, म्हणजे फुटव्यांची, टोकं आभाळाकडे हवीत. उलटी काडी दिसायला तशीच दिसते, पण तिच्यातून काही उतरत नाही.

आत्याला त्यानं पुन्हा पाठीवर घेतलं आणि झाडाच्या बुंध्याशी घोंगडीवर बसवलं. तिनं हात पुढं केला तो थेट शेवाळ लावलेल्या जागेवर गेला, चाचपडलाही नाही. खारूनं ते बघितलं. तिला कधीपासून माहीत होतं, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

घराच्या बाजूच्या काड्या आत्यानं स्वतः लावल्या. अंगठ्यानं डोळा चाचपायची, टोक वर आहे ना बघायची, मग खोचायची. पण तिची बोटं थकत गेली. ओढ्याच्या बाजूच्या काड्या खारूवर आल्या. तोवर उजेड गेला होता. घाईत त्याच्या हातून जुडी सुटली आणि काड्या पाल्यात विखुरल्या. त्यानं चाचपून गोळा केल्या. कोणतं टोक वरचं, कोणतं खालचं, कळेना. अंगठा फिरवला तर थंडीनं अंगठ्याला काही जाणवेना. नुसतं "आत्या, हे जरा बघ," म्हणायचं होतं. ती हाताच्या अंतरावर बसली होती. पण एका दिवसात किती वेळा तोंड काळं करायचं? त्यानं अंदाजानं काड्या खोचल्या आणि बांधून टाकल्या.

"डोळे वर आहेत ना रे सगळे?" पलीकडून आत्यानं विचारलं.

"हो आत्या."

पंधरवडा गेला. एका सकाळी बायको न्हाणीघरातून ओरडतच बाहेर आली. घाबरून नव्हे, आनंदानं. "आत्यांचा उजवा पाय बघा! गरम लागतोय! बोटं हलवतायत!" खारू तसाच रानात पळाला. घराच्या बाजूच्या काड्या तट्ट फुगल्या होत्या, एकीला तर इवलंसं पानही आलं होतं. तो ओढ्याच्या बाजूला गेला. तिथल्या काड्या सुतळीसारख्या सुकल्या होत्या. उजेडात आता स्पष्ट दिसत होतं. सगळ्यांची टोकं जमिनीकडे होती.

नव्या काड्या लावता आल्या असत्या. साल अजून लाकडापासून सुटत होती, काडी खोचता येण्याइतकी, आणखी आठवडाभर सुटली असती. पण त्याच्या एकट्याच्या हाताला ते जमणारं नव्हतं, आत्याचा अंगठा हवा होता. म्हणजे तिला सांगायला हवं होतं.

तो घरी आला. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, कितीतरी दिवसांनी. "डाव्याला अजून काही पोचत नाही बघ," ती म्हणाली, "पण येईल हळूहळू. डोळे वरच होते ना रे सगळे?"

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. कौतुकानं त्याच्याकडेच बघत होती. नवऱ्यानं आत्याचा जीव वाचवला, असं तिनं आपल्या भावालाही, त्याच हसणाऱ्या मेव्हण्याला, सांगितलं होतं.

"हो आत्या," खारू म्हणाला.

त्याच संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला दार वाजलं. टक... टक... टक. बायकोनं उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. आतून आत्या म्हणाली, "आहे, आहे." रानात त्या वेळी कोणी नव्हतं, कुऱ्हाड कोपऱ्यात होती आणि खारू घरातच होता.

तेव्हापासून ते रोज येतं. तीन ठोके पडतात आणि मग शांतता होते. अगदी तळहात टेकवून थांबल्यासारखी शांतता. आत कोणी आहे का, हे विचारण्याची ही रीत खारूला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि उत्तर आलं नाही तर पुढं काय करतात, हेही. रोज आत्या उत्तर देत होती आणि रोज तिचा आवाज थोडा खाली जात होता. डाव्या पायाचा गारठा कमरेपर्यंत चढला. आठवडा संपला. साल सुटायचे दिवसही संपले.

काल संध्याकाळी दार वाजलं तेव्हा आत्याला झोप लागली होती. ठोके पडले. शांतता झाली. बायकोनं खारूकडे बघितलं. बाहेर कोणीतरी काहीतरी उचललं, असा बारीकसा आवाज आला.

"आहे!" खारू ओरडला. "आहे... आत माणसं आहेत!"

बराच वेळ काही झालं नाही. मग दारावर पुन्हा एकदाच वाजलं, आणि या वेळी खूप खाली. माणसाचा हात जातो तिथं नाही, गुडघ्याच्या उंचीवर.

सकाळी बायको दार पुसायला गेली ती तशीच परत आली. आज खारू दुपारपासून दाराशी बसून आहे. आत्या अजून उठलेली नाही. दाराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओला चिखल थापलाय आणि त्यावर नीट शेवाळ लावलंय. तो पट्टा दारावर संपत नाही. भिंतीवरून तसाच पुढं गेलाय, घराला पूर्ण वळसा घालून परत दाराशी आलाय. खारूनं त्याच्यावर हात ठेवून रुंदी बघितली. चार बोटं.

चिखलाच्या आत काय आहे, ते खरवडून बघायचा धीर त्याला झालेला नाही.